गेलेल्या खेळाडूची भरपाई: कॉम्प पिकचा हिशेब घरी कसा मांडायचा

दरवर्षी मार्चच्या मध्यात, एका बुधवारी दुपारी चार वाजता, अमेरिकन फुटबॉलचं नवं वर्ष सुरू होतं. मी बाल्टिमोरला लागून असलेल्या कॅटन्सव्हिलमध्ये राहते, भाचा पुण्यात. त्याच्याकडे तेव्हा रात्रीचा दीड वाजलेला असतो, तरी तो जागा असतो, कारण बाल्टिमोरच्या टीमचं, रेव्हन्सचं, वेड त्याला माझ्याकडूनच लागलंय. चार वाजून पाच-दहा मिनिटं होतात न होतात तोच मेसेज येतो, ‘मावशी, अमका गेला. आता आपल्याला पिक मिळणार ना?’ पिक म्हणजे नवा खेळाडू निवडायची पाळी. ती गेलेल्या खेळाडूची भरपाई म्हणून मिळाली की तिला कॉम्प पिक म्हणतात. आणि माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो: गेला म्हणजे कसा गेला?

सगळा हिशेब त्या ‘कसा’वर उभा आहे. सांगलीला बाबांचं भुसारी दुकान होतं. रात्री गल्ला मोजून झाला की ते कीर्द लिहायला बसायचे आणि मला शेजारी बसवायचे. पोतं दुकानातून गेलं एवढं लिहून त्यांचं भागत नसे. विकलं, उधारीवर दिलं, परत पाठवलं की उंदरांनी खाल्लं, हे लिहिल्याशिवाय ते पुढच्या ओळीकडे जात नसत. रेव्हन्सचा हिशेब मी त्याच सवयीने ठेवते. साधी दोनशे पानी वही, मधोमध उभी रेघ, डावीकडे ‘गेले’, उजवीकडे ‘आले’. तुमची टीम कुठलीही असो, सुरुवात एवढ्याने होते.

आधी पद्धत थोडक्यात सांगते. एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये, ३२ टीम आहेत. एप्रिलअखेरीस कॉलेजमधून येणाऱ्या खेळाडूंची निवड होते, तिला ड्राफ्ट म्हणतात. त्याच्या सात फेऱ्या असतात आणि प्रत्येक फेरीत प्रत्येक टीमला एक पिक मिळतो. आदल्या हंगामात जी टीम सगळ्यात मागे राहिली ती सगळ्यात आधी निवडते. १९९३ च्या करारानंतर खेळाडूंना करार संपल्यावर हव्या त्या टीमकडे जायची मोकळीक मिळाली. अशा मोकळ्या खेळाडूला फ्री एजंट म्हणतात. तो गेला की मूळ टीमचं नुकसान होतं, म्हणून १९९४ च्या ड्राफ्टपासून लीग त्या टीमला जादा पिक देऊ लागली. हे पिक तिसऱ्या ते सातव्या फेरीच्या शेवटी, नेहमीचे पिक संपल्यावर येतात. भरपाई एक वर्ष उशिरा मिळते. २०१९ च्या मार्चमध्ये गेलेल्यांची भरपाई २०२० च्या मार्चमध्ये जाहीर झाली आणि एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये वापरली गेली. पेराल तेव्हा लगेच उगवत नाही, हे पहिल्या वर्षी पचवायला जड जातं.

आता ‘गेले’च्या रकान्यात कुणाला बसवायचं? ज्याचा करार मुदत पूर्ण होऊन संपला आणि जो दुसऱ्या टीमशी करार करून गेला, फक्त तो. टीमने करार मधेच तोडून ज्याला नारळ दिला, तो दुसरीकडे कितीही मोठ्या पगारावर लागला तरी त्याची भरपाई नाही. ज्याला ट्रेडमध्ये, म्हणजे दुसऱ्या टीमशी अदलाबदलीत, दिला, त्याची नाही, कारण त्याचा मोबदला त्याच वेळी हातात पडलेला असतो. निवृत्त झाला, नाही. ज्याला रोखून धरायचा हक्क टीमकडे होता पण टीमने तो वापरलाच नाही, असा नवखा खेळाडूही नाही. उजव्या रकान्यालाही हीच चाळणी. दुसऱ्या टीमने काढून टाकलेला खेळाडू तुम्ही घेतला तर तो ‘आले’मध्ये लिहायचाच नाही. लीगच्या लेखी तो फुकट आला.

हे नियम वाचून डोक्यात राहत नाहीत. मला ते २०१९ च्या एका पानाने शिकवले. ते पान इथे जसंच्या तसं उतरवते.

त्या मार्चमध्ये आमचं घर सुतकात असल्यासारखं होतं. टेरेल सग्ज सोळा हंगाम रेव्हन्सकडे खेळला होता. मी २००० साली या देशात आले, पहिल्याच हिवाळ्यात रेव्हन्सने सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत सग्ज आला. माझी मुलगी त्याचा ५५ नंबरचा जांभळा टीशर्ट घालून शाळेत जायची. तो ॲरिझोनाला निघाला, एका वर्षासाठी ७० लाख डॉलरवर. सी. जे. मोझ्ली न्यूयॉर्क जेट्सकडे गेला, पाच वर्षांचे ८ कोटी ५० लाख. झडारियस स्मिथ ग्रीन बे पॅकर्सकडे, चार वर्षांचे ६ कोटी ६० लाख. जॉन ब्राउन बफलो बिल्सकडे, तीन वर्षांचे २ कोटी ७० लाख. एरिक वेडल लॉस एंजेलिस रॅम्सकडे. आणि ज्याने २०१३ मध्ये सुपर बोल जिंकून दिला तो जो फ्लॅको डेन्व्हरला.

मी डाव्या रकान्यात सहा नावं लिहिली. फ्लॅको लगेच खोडला, कारण तो ट्रेडमध्ये गेला होता आणि डेन्व्हरने त्यासाठी चौथ्या फेरीचा पिक दिला होता. उरले पाच. उजवीकडे दोन नावं आली: सिॲटलचा अर्ल थॉमस, चार वर्षांचे ५ कोटी ५० लाख, आणि न्यू ऑर्लीन्सचा मार्क इंग्रम, तीन वर्षांचे दीड कोटी. दोघांचेही जुने करार मुदतीने संपलेले, म्हणजे दोघेही खरोखर ‘आले’. पाच वजा दोन, तीन. मी वहीत तीन लिहून त्याभोवती गोल काढला, भाच्यालाही कळवलं, आणि वर्षभर तीन पिकांची वाट पाहिली.

मार्च २०२० मध्ये यादी आली. रेव्हन्सला दोन. तिसऱ्या फेरीत १०६ वा आणि चौथ्या फेरीत १४३ वा (आकडे सगळ्या ड्राफ्टमधल्या क्रमाचे).

मी दोन दिवस त्या पानाशी बसले. चूक वेडलच्या ओळीत होती. तो रॅम्सकडे गेला हे खरं, पण त्याआधी रेव्हन्सनेच त्याचा करार संपवून त्याला मोकळा केला होता. बातमीत दोन्ही गोष्टी काही दिवसांच्या अंतराने आल्या आणि मला शेवटची तेवढी लक्षात राहिली. वेडल खोडला की चार वजा दोन, दोन. तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक नावापुढे एक शब्द असतोच: ‘मुदत’, ‘नारळ’ किंवा ‘ट्रेड’. बाकीचं काही लिहिलं नाही तरी चालेल, पण हा शब्द लिहा. जी नावं खूप कमी पगारावर गेली तीही त्या वर्षी हिशेबात नव्हती. अगदी किमान पगारावर जाणाऱ्याला लीग नुकसान धरत नाही.

आता वजाबाकी कशी होते ते नीट बघा, कारण इथे बरेच जण घसरतात. ‘आले’मधला प्रत्येक जण ‘गेले’मधल्या एकाला खातो. पण वाटेल त्याला नाही. आलेल्या खेळाडूची किंमत ज्या फेरीची ठरते, त्याच फेरीच्या किमतीच्या गेलेल्या खेळाडूला तो आधी खातो. तसा कुणी नसेल तर त्याच्या खालच्या किमतीत जो सगळ्यात वर असेल त्याला. खाली कुणीच नसेल तरच तो वरच्याकडे जातो. २०१९ च्या पानावर थॉमस मोठ्या किमतीचा होता, म्हणून तो मोझ्ली किंवा स्मिथपैकी एकाला घेऊन गेला. इंग्रम स्वस्तातला, त्याच्या वाट्याला सग्ज आला असं माझं गणित सांगतं. उरले वरच्या किमतीचा एक आणि ब्राउन: एक तिसऱ्या फेरीचा पिक, एक चौथ्या फेरीचा. लीग फक्त किती पिक आणि कुठल्या फेरीचे एवढंच जाहीर करते, सोबत प्रत्येक टीमचे गेलेले आणि आलेले यांची नावं देते. कुठला पिक कुणापोटी हे ती सांगत नाही. ते आपण लावायचं.

यावरून एक गोष्ट ध्यानात घ्या. स्वस्तातला खेळाडू आणला म्हणून तो फक्त आपल्यासारख्या स्वस्तालाच खाईल असं नेहमी होत नाही. डाव्या रकान्यात फक्त एक बडा खेळाडू असेल आणि उजवीकडे मुदत संपलेला एखादा साधा राखीव खेळाडू आला, तर तो साधा खेळाडू त्या बड्याची पूर्ण भरपाई गिळू शकतो. एप्रिलमध्ये एखाद्या टीमने कुणा अनोळखी खेळाडूला मुदतीच्या फ्री एजन्सीतून उचललं की मी आधी डावीकडे बघते, तिथे किती नावं शिल्लक आहेत म्हणून.

किंमत कशी ठरते? तीन गोष्टींवर: नव्या कराराचा वर्षाकाठी सरासरी पगार, त्या हंगामात तो किती स्नॅप, म्हणजे किती चाली, खेळला, आणि हंगामाअखेर मिळालेले मानसन्मान. नेमकं सूत्र लीग उघड करत नाही, पण पगाराचं वजन सगळ्यात जास्त, हे वर्षानुवर्षांच्या याद्या लावून बघितल्या की कळतं. मोझ्ली २०१९ मध्ये जखमी होऊन जेट्ससाठी फक्त दोन सामने खेळला, तरी तो रेव्हन्सच्या गेलेल्यांच्या यादीत होताच.

पगाराचा आकडा मात्र बातमीतून उचलू नका. एजंट जो आकडा सांगतो त्यात बक्षिसांची रक्कमही धरलेली असते, ‘इतक्यापर्यंत जाऊ शकतो’ असा. तुम्ही पक्की रक्कम घ्या आणि वर्षांनी भागा. मी ओव्हर द कॅप आणि स्पॉट्रॅक या दोन साइट उघडून दोन्हीकडचे आकडे जुळतात का ते बघते. एक-दोन आठवड्यांत कराराचे तपशील बाहेर येतात, तोवर पेन्सिलने लिहिते.

कुठला आकडा कुठल्या फेरीत जातो हे पाठ करून उपयोग नाही, कारण हिशेब लीगमधल्या सगळ्या खेळाडूंच्या तुलनेत होतो आणि पगार दरवर्षी वाढतात. टीमची पगारमर्यादा २०१९ मध्ये १८ कोटी ८२ लाख डॉलर होती, २०२५ मध्ये २७ कोटी ९२ लाख. २०१९ चा कोटी आणि २०२५ चा कोटी सारखे नाहीत. म्हणून मी ताज्या उदाहरणांवरून अंदाज बांधते. २०२१ मध्ये रेव्हन्सचे दोन बचावपटू गेले. मॅथ्यू जुडॉन न्यू इंग्लंडकडे, चार वर्षांचे ५ कोटी ४५ लाख, आणि यानिक नगाक्वे रेडर्सकडे, दोन वर्षांचे २ कोटी ६० लाख. म्हणजे वर्षाला एकाचे साधारण १ कोटी ३६ लाख, दुसऱ्याचे १ कोटी ३० लाख. दोघांपोटी २०२२ मध्ये चौथ्या फेरीचे दोन पिक हाती आले, १३९ आणि १४१. तेवढ्या वर्षापुरती ती माझी मोजपट्टी होती: वर्षाला साधारण १ कोटी ३०-३५ लाख म्हणजे चौथी फेरी.

नगाक्वेची गोष्ट मला फार आवडते. तो २०२० च्या ऑक्टोबरमध्ये मिनेसोटाकडून ट्रेडमध्ये आला होता. ट्रेडमध्ये आलेला ‘आले’मध्ये बसत नाही. पाच महिन्यांनी तो मुदत संपवून गेला, आणि मुदतीने गेलेला ‘गेले’मध्ये बसतो. त्याच्यासाठी तिसऱ्या फेरीचा पिक आणि वर आणखी एक द्यावा लागला होता, त्यातलं बरंचसं चौथ्या फेरीच्या रूपाने परत आलं. एकाच माणसाच्या दोन नोंदी, एक वहीबाहेर आणि एक वहीत.

वरची मर्यादाही लक्षात ठेवा. कितीही मोठा खेळाडू गेला तरी भरपाई तिसऱ्या फेरीच्या शेवटाहून वर जात नाही. २०१८ मध्ये कर्क कझिन्स वॉशिंग्टन सोडून मिनेसोटाला गेला, तीन वर्षांचे ८ कोटी ४० लाख, सगळे हमीचे. वॉशिंग्टनला पुढच्या वर्षी मिळाला ९६ वा पिक. ज्याने दहा किंवा जास्त हंगाम पुरे केलेत, त्याची भरपाई पाचव्या फेरीच्या वर जात नाही, फक्त क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकून हल्ला चालवणाऱ्याला, ही अट नाही. म्हणूनच सग्जवर माझा कितीही जीव असला तरी वहीत त्याचं नाव मी कधी वर चढवलं नाही.

एका टीमला एका वर्षात जास्तीत जास्त चार पिक. सगळ्या लीगमध्ये मिळून ३२. किमतीच्या क्रमाने यादी लावतात आणि ३२ नंतर रेघ मारतात, खालचे कोरडे राहतात. ३२ पुरे झाले नाहीत तर उरलेले सातव्या फेरीच्या शेवटी मागे राहिलेल्या टीमना देतात. एखाद्या टीमचे गेलेले आणि आलेले सारखेच, पण गेलेले बरेच भारी असतील, तर तिलाही सातव्या फेरीअखेर एखादा पिक मिळू शकतो. हे क्वचित होतं, मी त्यासाठी वेगळं पान ठेवत नाही.

आता तारखा, कारण खरा खेळ तारखांचाच आहे.

ड्राफ्ट संपल्यानंतरच्या सोमवारी दुपारी चार वाजता हिशेबाचं दार बंद होतं. त्यानंतर कुणी आला किंवा गेला, त्याची नोंद होत नाही. पूर्वी ही तारीख १ जून होती, मग मेच्या मध्यात आणली, आता ती ड्राफ्टला चिकटली आहे. २०२५ मध्ये तो सोमवार २८ एप्रिलला होता. मे महिन्यात अचानक बऱ्यापैकी खेळाडूंचे करार होऊ लागतात, ते ह्यामुळेच. टीम या दाराकडे डोळे लावून बसलेल्या असतात.

२०२१ च्या मे महिन्याचा पहिला मंगळवार मला चांगला आठवतो. अलेहान्द्रो व्हिलानुएव्हा पिट्सबर्गचा आक्रमणफळीतला उंचापुरा खेळाडू, करार संपलेला, मार्चपासून मोकळा. सगळ्यांना कळत होतं की तो बाल्टिमोरला येणार. मार्च गेला, एप्रिल गेला, ड्राफ्ट झाला. सोमवार, ३ मे, चार वाजले. दुसऱ्या दिवशी रेव्हन्सने त्याच्याशी करार जाहीर केला. उजव्या रकान्यात एक अक्षर पडलं नाही, जुडॉन आणि नगाक्वेच्या पिकांना हात लागला नाही. आणि पिट्सबर्गच्या डाव्या रकान्यातही तो आला नाही. आपल्या सख्ख्या वैऱ्याला एक भरपाईही त्या एका दिवसाने नाकारली गेली. त्याच वर्षी केव्हिन झाइटलर आला, तीन वर्षांचे २ कोटी २० लाख, पण त्याला न्यूयॉर्क जायंट्सने नारळ दिलेला होता. नोंद नाही. मग उन्हाळ्यात जस्टिन ह्यूस्टन आला, दार बंद झाल्यावर. नोंद नाही. तीन बऱ्यापैकी खेळाडू आले आणि वही कोरी. रेव्हन्सचा जनरल मॅनेजर एरिक डिकोस्टा, त्याचं ते काम मी अजून भाच्याला दाखवते.

या दाराला एक खिडकी आहे, ती विसरू नका. आपला खेळाडू अजून मोकळाच आहे आणि दार बंद व्हायची वेळ आली, तर टीम त्याला आदल्या वर्षीच्या पगाराच्या ११० टक्के रकमेचा देकार देऊन ठेवू शकते. मग तो २२ जुलैच्या आत दुसरीकडे गेला तरी ‘गेले’मध्ये धरला जातो. नाही गेला, तर त्या तारखेनंतर तो फक्त याच टीमशी बोलू शकतो. २०२२ मध्ये रेव्हन्सने हे जस्टिन ह्यूस्टनवर वापरलं. तो कुठेच गेला नाही, जुलैत परत इथेच सही केली आणि त्या हंगामात साडेनऊ सॅक केल्या (सॅक म्हणजे समोरच्या क्वार्टरबॅकला चेंडू फेकायच्या आत पाडणं). न्यू इंग्लंडने २०१७ मध्ये हेच लेगॅरेट ब्लंटच्या बाबतीत केलं होतं, आणि तो फिलाडेल्फियाला गेला. तुमच्या टीमचा कुणी खेळाडू एप्रिलअखेर मोकळा असेल तर सोमवारी संध्याकाळी ही बातमी शोधा. ती ठळक छापली जात नाही.

जाडेव्हियन क्लाउनीचं पानही तुम्ही स्वतः मांडून बघा, सरावाला उत्तम. २०२३ च्या ऑगस्टमध्ये तो रेव्हन्सकडे आला: दार बंद, नोंद नाही. हंगामात साडेनऊ सॅक. २०२४ च्या मार्चमध्ये कॅरोलायनाला गेला, दोन वर्षांचे २ कोटी, करार मुदतीने संपलेला: नोंद आहे, डावीकडे.

पान मेमध्ये मिटू नका मात्र. हंगाम सुरू झाल्यावर एखाद्या आलेल्या खेळाडूला साधारण दहाव्या आठवड्याच्या आत काढून टाकलं तर तो हिशेबातून निघतो आणि त्याने खाल्लेला पिक परत उभा राहतो. गेलेल्याला नव्या टीमने लवकर काढला तर उलटं होतं, आपली भरपाई जाते. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात मी दर मंगळवारी दोन्ही रकान्यांतली नावं एकदा तपासते.

अलीकडे एक वेगळी वाटही उघडली आहे, आणि ती खेळाडूंच्या हिशेबात मिसळायची नाही. नोव्हेंबर २०२० पासून, अल्पसंख्याक समाजातल्या एखाद्या प्रशिक्षकाला किंवा अधिकाऱ्याला दुसऱ्या टीमने मुख्य प्रशिक्षक किंवा जनरल मॅनेजर म्हणून नेलं, तर ज्या टीमने त्याला घडवलं तिला दोन वर्षं तिसऱ्या फेरीअखेरचा एकेक पिक मिळतो. दोघं गेले तर तीन वर्षं. हे पिक ३२ च्या बाहेरचे. २०२१ च्या जानेवारीत रेव्हन्सचा डेव्हिड कली ह्यूस्टन शहराच्या टीमचा मुख्य प्रशिक्षक झाला. त्यापोटी २०२१ चा १०४ वा पिक मिळाला, त्यावर ब्रँडन स्टीव्हन्सला घेतलं. ह्यूस्टनने कलीला एका हंगामात काढलं, तरी २०२२ चा दुसरा पिक आलाच, १०० वा. तो रेव्हन्सने मार्कीज ब्राउनबरोबर ॲरिझोनाला देऊन २३ वा पिक घेतला. कॉम्प पिक असे ट्रेडमध्ये देता येतात ते २०१७ च्या ड्राफ्टपासून. त्याआधी ते विकता येत नसत, स्वतःच वापरावे लागत.

भाचा एकदा म्हणाला, फेरीच्या शेवटी शंभराच्या पुढे मिळणाऱ्या पिकाला एवढं काय कवटाळायचं? मी त्याला २००० चा ड्राफ्ट काढून दाखवला. सहाव्या फेरीत न्यू इंग्लंडकडे एक कॉम्प पिक होता, १९९ वा. त्यावर त्यांनी टॉम ब्रेडीला घेतलं. वीस हंगाम आणि सहा सुपर बोलनंतर, २०२० च्या मार्चमध्ये त्याचा करार संपला आणि तो टॅम्पा बेला गेला. पुढच्या वर्षी न्यू इंग्लंडला तिसऱ्या फेरीअखेरचा ९६ वा पिक मिळाला, आणि कुठल्याही बाजूने हिशेब मांडला तरी तो ब्रेडीपोटीच बसतो. भरपाईवर आला आणि जाताना भरपाई ठेवून गेला. डॅलसचा डॅक प्रेस्कॉट २०१६ मध्ये चौथ्या फेरीअखेर १३५ वा, तोही कॉम्प पिक. आमच्या घरात मात्र सगळ्यात लाडका १३९ वा, आयझाया लाइकली. जुडॉन आणि नगाक्वे गेले तेव्हा मुलगी हिरमुसली होती, तिच्या खोलीच्या दाराला नंतर लाइकलीचा फोटो लागला.

१९९४ पासून सगळ्यात जास्त कॉम्प पिक मिळवलेली टीम रेव्हन्सच आहे, पन्नासाहून जास्त. शहर मोठं म्हणून नाही. आधीचा मॅनेजर ऑझी न्यूसमने पहिल्यापासून घडी तशी बसवली आणि २०१९ पासून डिकोस्टाने ती चालू ठेवली: आपले खेळाडू ड्राफ्टमधून घडवायचे, पगार आवाक्याबाहेर गेला की मुदत संपू द्यायची, आणि रिकामी जागा दुसऱ्यांनी काढून टाकलेल्यांतून भरायची. २०१४ मध्ये कॅरोलायनाने स्टीव्ह स्मिथला सोडलं आणि तो इथे आला. पस्तिशीच्या उंबरठ्यावरचा माणूस, तीन हंगाम जीव तोडून खेळला. त्याच्या नावापुढे माझ्या वहीत ‘नारळ’ लिहिलंय, आणि उजवा रकाना तिथे कोरा आहे. मला विचाराल तर चांगल्या व्यवस्थापनाची ओळख मोठ्या करारांत नाही, अशा कोऱ्या जागांत आहे.

या वर्षीचं पान तुम्हाला सुरू करायचं असेल तर फेब्रुवारीतच करा. आपल्या टीममध्ये कुणाचे करार मार्चमध्ये मुदतीने संपताहेत ती नावं डावीकडे पेन्सिलने लिहून ठेवा. करारात पुढची वर्षं नुसती नावापुरती असतील आणि ती आपोआप गळून पडणार असतील, तर तोही मुदतीनेच संपला असं धरतात, त्याला वगळू नका. बुधवारी चार वाजल्यापासून जो राहिला त्याला खोडा, जो गेला त्याच्यापुढे टीम, रक्कम, वर्षं आणि तो एक शब्द. उजवीकडे येणाऱ्याचं नाव लिहायच्या आधी त्याच्या जुन्या टीमची गेल्या तीन आठवड्यांतली नोंद वाचा, त्याला काढला होता का म्हणून. ड्राफ्टनंतरच्या सोमवारी चारला रेघ मारा, देकार दिलेल्यांची नावं रेघेखाली वेगळी लिहा. मग किमतीच्या उतरत्या क्रमाने डावी बाजू लावा आणि उजव्या बाजूच्या एकेकाला त्याच्या फेरीतला घास द्या. जे उरेल ते पेनाने लिहा, तारीख घाला.

भाच्याने गेल्या वर्षी स्वतःची वही केली. मार्चमधल्या त्या बुधवारी रात्री दीडला त्याचा मेसेज आला, त्यात प्रश्न नव्हता. नाव, टीम, रक्कम, आणि शेवटी ‘मुदत’.